बोट न लागलेला रुपया

मी एक जुना चांदीचा रुपया आहे. मित्रांनो, रुपया म्हटला की तुम्हाला वाटेल, याने बाजार पाहिले असतील, जत्रा पाहिल्या असतील, कितीतरी खिशांतून उड्या मारल्या असतील. तसे काही नाही. मला देऊन आजवर कुणी मूठभर फुटाणेही विकत घेतले नाहीत. माझा जन्म मखमलीवर गेला. मखमल फार सुखाची असते असे ज्यांना वाटते, त्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे उताणे पडून पाहावे.

मी मुंबईच्या टाकसाळीतला. तिथे चांदीची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवतात, वरून दाब बसतो, चकतीचा रुपया होतो आणि खणकन खालच्या ढिगात पडतो. माझ्या भावंडांचे असेच झाले. माझ्या वेळी मात्र कारागिरांनी ठसे आधी घासून घासून आरशासारखे केले, माझी चकतीही उजळून घेतली आणि माझ्यावर एका दाबानंतर पुन्हा दुसरा दाब दिला. मी बाहेर आलो तेव्हा माझी सपाट जागा इतकी लखलखत होती की वर वाकलेल्या माणसाला आपल्या मिशा दिसाव्यात. त्या आरशावर राजाचा चेहरा मात्र साखर भुरभुरल्यासारखा रवाळ उठलेला. अशा नाण्याला प्रूफ म्हणतात. ते चालवायचे नसते, नुसते दाखवायचे असते.

मला ढिगात पडूच दिले नाही. कापडाने कडेला धरून उचलले आणि कापसावर ठेवले. खाली माझी भावंडे एकमेकांवर आदळत, ओरखडे काढून घेत पोत्यांत चालली होती. मी वरून पाहत होतो आणि मला फार मोठा मान मिळाला आहे अशी माझी समजूत होती.

आमची एक खूण सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळायला सोपी जाईल. नाणे कोणत्या टाकसाळीचे, हे त्याच्या अंगावरच्या बारीक खुणेवरून ओळखतात. माझ्या पाठीवर सगळ्यात खाली कमळाचे फूल आहे आणि फुलाखाली खसखशीएवढा उठावदार ठिपका आहे. तो मुंबईचा. कलकत्त्याच्या रुपयाला तिथे काहीच नसते. ठिपका नसणे हीच त्याची खूण.

कापसावरून मी इंदूरच्या एका सरदारांच्या घरी भेट म्हणून आलो आणि डबीत गेलो. डबी तिजोरीत गेली. तिथे किती वर्षे काढली ते मला विचारू नका, अंधारात वर्षे मोजता येत नाहीत. मग होळकरांचे राज्य मध्यभारतात विलीन झाले, सरदारांच्या घरची चांदी बाहेर निघाली आणि मी सराफ्यात एका दुकानाच्या फळीवर येऊन पडलो. शेजारी भट्टी पेटलेली होती. माझ्या आधी आलेले रुपये मुशीत टाकले जात होते. बाहेर बाजारातही नवे, बिनचांदीचे रुपये येऊ लागले होते. मला आयुष्यात प्रथमच उघडी हवा लागली होती आणि तीसुद्धा भट्टीची.

तेवढ्यात एका हाताने मला कडेला धरून अलगद उचलले. तो हात चिंतामणरावांचा. दरबारच्या खजिन्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. राज्य विलीन झाले आणि तेही घरी बसले. त्यांनी मला उजेडाकडे धरले, तिरके केले, पाठ पाहिली आणि सराफाला म्हणाले, “शेठजी, हा मुशीत टाकला असता तर पाप लागलं असतं. प्रूफ आहे हा, मुंबईचा.”

सराफ हसला. म्हणाला, “रावसाहेब, हमको तो सब चांदी है.”

चिंतामणरावांनी मला वाचवले, हे मी कधीच विसरणार नाही. पण ज्याने वाचवले त्याच्याबद्दल तक्रार करायची सोयच राहत नाही. तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल.

तुकोगंजात त्यांचे भाड्याचे घर होते. तिथे काचेच्या झाकणाची एक लाकडी पेटी होती, आत निळी मखमल आणि मखमलीत गोल खळगे. एका खळग्यात मी बसलो. झाकण बंद झाले. पेटीची किल्ली चिंतामणरावांच्या जानव्याला बांधलेली असे.

माझ्या उजव्या हाताला महेश्वरच्या टाकसाळीचा एक म्हातारा रुपया होता. हातोड्याने ठोकलेला, त्यामुळे धड गोलही नाही. त्याच्या अंगावर शिवलिंग आणि बेलपान, हीच महेश्वरची खूण. तो इतका हिंडला होता की बेलपान जेमतेम दिसे. नावाड्याच्या कमरेला राहिलो, नवरीच्या ओटीत पडलो, एकदा घोड्याच्या खुराखाली सापडलो, असे तो दिवसभर सांगत राही. माझ्याजवळ सांगायला काही नव्हते. मी चिडून गप्प बसत असे. डाव्या हाताला कलकत्त्याचा एक रुपया होता. तो घडला सगळ्यांसारखाच, पण पोत्यातून बाहेर पडून बाजारात गेलाच नाही. त्याला अनसर्क्युलेटेड म्हणत. पोत्यातले चार ओरखडे अंगावर होते आणि तो ते प्रवासवर्णनासारखे दाखवी. त्याच्या कडेला जुनेपणामुळे निळसर सोनेरी झाक आली होती. चिंतामणराव पाहुण्यांना कौतुकाने सांगत, “याला टोनिंग म्हणतात.” त्यांच्या पत्नी रमाबाई चहाचे कप उचलता उचलता म्हणत, “डाग आहेत ते. चिंच लावली की जातील.”

पाहुण्यांनी बोट पुढे केले की चिंतामणराव झाकण मिटत. माझ्याबद्दल तर ते एकच वाक्य बोलत. बोट लागले की संपला. बोटाचा तेलकट ठसा आरशावर बसतो, पुसायला गेले की ओरखडे उठतात आणि तो आरसा नव्याने कुणालाही करता येत नाही. ठशाखाली जन्मताना येतो तेवढाच. हे खरे आहे. म्हणूनच ते ऐकताना मला गुदमरल्यासारखे होई.

आता कुमुदिनीबद्दल सांगतो. ती त्यांची सून. मुलगा शरद मध्यभारत सरकारच्या सचिवालयात कारकून होता. सरकारचा संसार तेव्हा दोन गावी. उन्हाळ्यात कारभार इंदुरात, थंडी आली की फायलींचे गठ्ठे आणि कारकून गाडीत बसून ग्वाल्हेरला. दर थंडीत शरद जाई आणि कुमुदिनी मागे राही. तिला सोबत जायचे होते. ग्वाल्हेरला एक खोली मिळत होती, चूल मांडता आली असती. पण चिंतामणराव दर वर्षी काहीतरी काढत. कधी थंडी फार, कधी रमाबाईंचे गुडघे, कधी नुसतेच, पुढच्या वर्षी बघू.

ते वाईट नव्हते, मित्रांनो. दरबार गेला, खजिन्याच्या दारावरची पाटी गेली, ज्या मोहरेखाली त्यांनी सही केली ती मोहर गेली. जे हातात उरले ते मिटून ठेवायचे, एवढेच त्यांना कळत होते. कुमुदिनी घरात आहे म्हणजे शरद परत येणार, हा त्यांचा हिशेब. माझ्या तो चांगलाच ओळखीचा होता.

दुपारी सगळीकडे निजानीज झाली की कुमुदिनी काचेवरची धूळ पुसायला येई. पुसून झाले तरी ती वाकलेलीच राही. काचेतून माझ्यात तिला तिचा चेहरा दिसे, वाटाण्याएवढा. एकदा तिने चिंतामणरावांना विचारलेही. सासऱ्यांना ती मामंजी म्हणे. हे सगळे तुम्ही कुणासाठी ठेवता, असे तिने साधेपणाने विचारले. ते बराच वेळ काच पाहत राहिले आणि मग त्यांनी तिला प्रूफ आणि अनसर्क्युलेटेड यांतला फरक समजावून सांगितला. प्रश्नाचे उत्तर मात्र राहून गेले.

पुढे चैत्रात तिला मुलगी झाली, मंजिरी. आणि त्याच वर्षी बातमी आली की मध्यभारतही राहणार नाही. नवे मोठे राज्य होणार, राजधानी भोपाळ. आता थंडीपुरते जाणे नव्हते. शरदची नेमणूक भोपाळला कायमची झाली, क्वार्टरही मिळाले.

चिंतामणरावांचे हे दुसरे राज्य बुडत होते. त्यांनी नेहमीचे काही काढले नाही, या वेळी नवीन काढले. उष्टावण झाल्याशिवाय लेकराला गाडीत बसवायचे नाही. बाळाच्या तोंडात पहिले अन्न घरीच पडले पाहिजे. याला कुणी हरकत घेईना, कारण रमाबाईंनाही ते पटले. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात, म्हणजे सातव्यात. सातवा कार्तिकात येत होता आणि शरदला दिवाळी होताच हजर व्हायचे होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी ठरली. चिंतामणराव मुहूर्त पाहत राहिले आणि त्यांना एकही मुहूर्त पसंत पडेना. कुमुदिनीने ट्रंक भरली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली. या वेळी मागे राहिली तर ती थंडीपुरती राहणार नव्हती. मंजिरी बापाला सुट्टीतला पाहुणा म्हणून ओळखत वाढली असती.

शेवटी रमाबाईच म्हणाल्या, “अहो, भाऊबीजेला हातोदहून सूनबाईचा भाऊ लक्ष्मण येतोच आहे. मामाच्या मांडीवर बसवून खीर चाटवायची. मामा दारात आल्यावर आणखी कसला मुहूर्त पाहता?”

चिंतामणरावांनी मान हलवली आणि म्हणाले, रुपया मी काढून देतो.

रुपया म्हणजे काय ते सांगायला हवे. आमच्याकडे बाळाला पहिली खीर चमच्याने देत नाहीत. चांदीचा रुपया खिरीत बुडवतात आणि बाळाच्या जिभेला लावतात. या घरात चांदीचे रुपये भरपूर होते. सगळे पेटीत होते.

भाऊबीजेच्या सकाळी पेटी उघडली. खीर चुलीवर रटरटत होती आणि वेलदोड्याचा वास खोलीत आला होता. चिंतामणरावांनी आधी महेश्वरचा उचलला. बेलपान आधीच जेमतेम, घासले तर तेही जाईल, म्हणून ठेवला. मग एक सूर्यमुखाचा, इंदूरच्याच टाकसाळीचा. त्यावरच्या सूर्याच्या डोळ्यांची धार अजून शाबूत होती, म्हणून ठेवला. कलकत्त्याचा उचलला. इतकी वर्षे अनसर्क्युलेटेड राहिला आणि आता लाळेने बिघडायचा? आणि ते टोनिंग? तोही ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. माझा प्रश्नच नव्हता.

दारात मंजिरीला कडेवर घेऊन कुमुदिनी उभी होती. तिला आता ही सगळी नावे पाठ होती. कोणत्या रुपयाला कोणत्या कारणाने नकार मिळणार, ते तिला आधीच कळत होते आणि प्रत्येक रुपया परत खळग्यात बसला की तिचा चेहरा थोडा उतरत होता.

“मामंजी,” ती म्हणाली, “यातला एकही नाही?”

चिंतामणराव घाम पुसत म्हणाले की उद्या सराफ्यातून एक साधा, झिजलेला रुपया आणतो. आज भाऊबीज, दुकानं बंद. परवा उष्टावण करू. शरद पुढे जाऊ दे, तुम्ही मागाहून या.

मागाहून म्हणजे किती मागाहून, हे कुणी विचारले नाही. शरद खाली पाहत उभा राहिला. मित्रांनो, मी धातूचा आहे, पण तेव्हा माझ्यात काहीतरी कळवळले. त्या पोरीला अडवून धरणारी भिंत कोण होती? आम्हीच होतो. नुसते पडून राहून आम्ही तिला अडवत होतो.

तेवढ्यात बाहेरून लक्ष्मणने शरदला हाक मारली. “काय भिया, आमची भाची कुठंय? सुबह से निकललोय, रस्त्यात गाडीनं दगा दिला.” चिंतामणराव त्याला सामोरे गेले. उष्टावण पुढे का ढकलावे लागते आहे, हे त्याला समजावण्यात ते अडकले. पेटी उघडीच राहिली.

रमाबाई आत आल्या. त्यांनी पेटीवरून नजर फिरवली. मळके, वाकडे, डागाळलेले सगळे बाजूला सारून त्यांची नजर माझ्यावर थांबली. सगळ्यात स्वच्छ मीच दिसत होतो. नातीच्या तोंडात घालायचा तर हाच, असे त्या स्वतःशी म्हणाल्या आणि त्यांनी मला उचलले. कडेला धरून नव्हे. अंगठा थेट राजाच्या तोंडावर.

मोरीत त्यांनी मला चिंचेचा कोळ लावला, चुलीतली राख घेतली आणि काथ्याने घासले. बाळाच्या तोंडात जाणारी कोणतीही वस्तू कुठलीही शहाणी बाई घासल्याशिवाय देणार नाही. माझा आरसा त्या मोरीच्या दगडावर गेला. राजाच्या गालावरची साखर गेली. खोटे कशाला बोलू, मला दुखले. इतकी वर्षे जे जपले होते ते काळ्या पाण्याबरोबर वाहून गेले आणि मी जन्मात पहिल्यांदा ओरडायचा प्रयत्न केला. मग त्यांनी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतले. ते गार पाणी मला अजून आठवते.

पुढचे झटपट झाले. लक्ष्मण पाटावर बसला, मांडीवर मंजिरी. रमाबाईंनी मला खिरीच्या वाटीत बुडवले. खीर कोमट होती. लक्ष्मणने मला बाळाच्या ओठांना लावले. ती आधी दचकली, मग तिने जीभ बाहेर काढली आणि मला चाटले. पुन्हा चाटले. मी तुम्हाला ती जीभ कशी होती ते सांगू शकणार नाही. मला तुलना करायला दुसरे काही माहीतच नाही.

चिंतामणराव दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आधी वाटी पाहिली, मग उघडी पेटी, मग तो रिकामा खळगा. शरद एक पाऊल पुढे आला. कुमुदिनीने पदर घट्ट धरला.

“तो प्रूफ होता,” चिंतामणराव हळूच म्हणाले.

“सगळ्यात चांगला तोच दिसला,” रमाबाई म्हणाल्या. “तरी मी नीट घासून घेतला. मंजूच्या तोंडात जायचा होता.”

एव्हाना मंजिरीने मला मामाच्या हातातून ओढून घेतले होते आणि मुठीत आवळले होते. चिंतामणराव तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी तिची मूठ सोडवली, एकेक बोट अलगद, नाणी हाताळतात तशीच. मग मला खिरीसकट तळहातावर घेतले. त्यांचा अंगठा माझ्यावरून फिरला. आठ वर्षे मी त्यांच्याकडे होतो, पण हा अंगठा मला पहिल्यांदाच लागला. ओरखडे त्याला लागले असणार, कारण तो मध्येच थांबला आणि पुन्हा फिरला. मला वाटले आता ते ओरडतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. मंजिरीने हात पुढे केला, तिला मी परत हवा होतो. त्यांनी मला तिच्या हातात दिले.

मग मान वर न करता त्यांनी शरदला विचारले, “उद्याची गाडी कितीची?”

कुमुदिनी उठून आत गेली. ट्रंकेचे झाकण लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा दाराशी उभा होता. चिंतामणरावांनी मला धुऊन रुमालात बांधले होते. तो रुमाल त्यांनी कुमुदिनीपुढे धरला आणि घेऊन जा म्हणाले. माझे मन केवढे उचंबळले म्हणून सांगू. स्टेशन, रूळ, भोपाळचा तलाव, सगळे मी पाहणार होतो. शेवटी एकदा माझे जाणे ठरले होते.

तिने रुमाल हातात घेतला, क्षणभर धरला आणि परत त्यांच्या तळहातावर ठेवला.

“तुमच्याकडेच राहू द्या, मामंजी. पुढचं उष्टावण निघालं की त्यालाही हाच लागणार. तेव्हा आम्हाला यावंच लागेल ना.”

चिंतामणरावांनी मूठ मिटली. टांगा गेला. ते बराच वेळ फाटकापाशी उभे होते आणि मी त्यांच्या मुठीत होतो.

मी अजून याच घरात आहे. बाजारात माझ्यासारखे रुपये आता कुणी घेत नाही, त्यामुळे फुटाणे घ्यायची माझी इच्छा काही पुरी व्हायची नाही. पेटीत परत गेलो नाही. चिंतामणरावांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. संध्याकाळी ते बाहेर ओट्यावर बसले की मला काढून तळहातावर घेतात. नाण्यांचा एक शौकीन परवा आला होता. त्याने मला पाहून चुकचुक केली, असा प्रूफ कुणी घासतं का, आता याला कोण विचारणार, असे म्हणाला. चिंतामणरावांनी मला हळूच खिशात टाकले आणि त्याला चहा विचारला. इथून सुटावे असे मला अजूनही वाटते. बंद डबीत जन्म काढलेल्याला ते वाटायचेच. पण मागे कुणीतरी राहिले म्हणून जाणाऱ्यांना परत येता येते, हे मला त्या टांग्यामागे कळले, आणि तेव्हापासून मी जरा कमी कुरकुरतो.

मित्रांनो, वस्तू जपा. ज्याने जपले नाही त्याच्या घरी मी मुशीत वितळलो असतो, हे मी जाणतो. पण तुमच्या घरी एखादी वस्तू कुणीच हात लावायचा नाही म्हणून ठेवलेली असेल, तर घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, ही कुणासाठी ठेवली आहे. ते नुसतेच काचेकडे पाहत राहिले, तर ती बाहेर काढा, खराब झाली तरी चालेल.

चिंतामणरावांना त्या प्रश्नाचे उत्तर आता ठाऊक आहे. ते भोपाळला असते, आणि हल्ली ते भिंत धरून चालू लागले आहे.